औंधजवळचा ज्योतीराम

सांगवीतल्या माणसाला कुणी पत्ता विचारला की तो आधी पुलाकडं बघतो. पुलाच्या पलीकडं औंध, अलीकडं आपण, मधे मुळा. "कुठं राहता?" "औंधजवळ." ह्यात खोटं काहीच नाही. फक्त जवळ म्हणजे किती जवळ, हे सांगायची पाळी आली की माणसाला खोकल्याची उबळ येते. ज्योतीराम ह्या खोकल्यातला उस्ताद होता.

वय बावन्न. मूळचा लातूरकडचा, औसा तालुक्यातला. आयटीआय करून, पत्र्याची पेटी घेऊन भोसरीत उतरला त्याला एकोणतीस वर्षं झाली. तिथं त्यानं तीन कंपन्यांना कुलपं लागलेली बघितली आणि शेवटी चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत चिकटला. काम तपासणीचं. हातात एक पोलादी गेज, त्याला दोन टोकं. पहिलं टोक भोकात जायला पाहिजे, दुसरं अडायला पाहिजे. तसं झालं तर पार्ट पास, नाही तर लाल पेटीत. "दिवसातून दोन हजार वेळा हो किंवा नाही म्हणायचा पगार आहे मला," तो सांगायचा. "आजवर कुणी 'का' विचारलं नाही. विचारलं असतं तर पगार वाढवून मागितला असता."

वाचनाचा नाद त्याला कंपनीच्या बसनं लावला. पहिल्या पाळीची बस पावणेसहाला सांगवी फाट्यावर यायची, आणि पुढं कासारवाडी, भोसरी, मोशी करत चाकणपर्यंत जे काय व्हायचं त्याला प्रवास म्हणायचं की मुक्काम, हे ठरत नसे. बाकीची मंडळी तोंडं उघडी टाकून झोपायची. ज्योतीरामला बसमधे झोप लागत नसे, म्हणून तो पुस्तक उघडायचा. "लोकांना शाळेनं शिकवलं, मला मोशीच्या ट्रॅफिकनं," असं म्हणायचा. बसमधे त्याला 'मास्तर' म्हणत. ह्यात आदर किती आणि चेष्टा किती, हे त्यानं कधी गेज लावून बघितलं नाही.

दोन वर्षांपूर्वी औंधच्या वाचनालयात त्याला एक चिठ्ठी चिकटवलेली दिसली: 'वाचक मंडळ, दर गुरुवारी दुपारी चार.' सगळ्या जगाला सुट्टी रविवारची, पण ह्या पट्ट्यातल्या कारखान्यांना गुरुवारची. ज्योतीरामला वाटलं, हे मंडळ देवानं आपल्यासाठीच काढलंय. इस्त्रीचा शर्ट घालून, पूल ओलांडून तो गेला.

मंडळ चालवायच्या सुमनताई. कॉलेजात पस्तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी चष्म्यावरून बघितलं की पन्नाशीच्या माणसालाही वही घरी विसरल्यासारखं वाटायचं.

"आपण राहता कुठं?" त्यांनी विचारलं.

"इथंच," ज्योतीराम म्हणाला आणि त्यानं खिडकीबाहेर हात फिरवला. त्या हातात औंध येत होतं, नदी येत होती आणि फार ताणलं तर सांगवीचा घाटही बसत होता.

"आणि काम?"

"चाकणला. क्वालिटीत."

"अच्छा, क्वालिटी मॅनेजर!" असं म्हणाल्या त्या निशिगंधा मॅडम. आयटी कंपनीत माणसं भरती करायच्या आणि उरलेल्या वेळात लोकांच्या घरांचे पडदे बघायच्या. ज्योतीरामनं उत्तरादाखल चहाचा कप तोंडाला लावला. चहा कढत होता, तरी त्यानं तो एका दमात संपवला. कप खाली ठेवला तोवर तो मॅनेजर झाला होता. सत्तावीस वर्षांत न मिळालेलं प्रमोशन एका घोटात मिळालं, आणि जीभ चार दिवस पोळलेली राहिली.

मंडळाचा एक नियम होता. महिन्याला एक पुस्तक, शेवटच्या गुरुवारी त्यावर एकानं बोलायचं, आणि ज्याचं बोलणं त्याच्याच घरी बैठक. तीनदा पाळी चुकवली की नाव कमी. बाहेर सहाजण वाट बघत होते. पहिल्यांदा ज्योतीरामची पाळी आली तेव्हा त्यानं कळवलं, सासूबाई वारल्या. मंडळानं निशिगंधा मॅडमच्या हॉलमधे उभं राहून मौन पाळलं. दुसऱ्यांदा त्यानं घराला रंग काढला. आता तिसरी पाळी, आणि मारायला दुसरी सासू नव्हती.

गंमत अशी की पहिलीही मेलेली नव्हती. शालनबाई, वय अठ्ठ्याहत्तर, मोतीबिंदू काढायला औश्याहून आलेल्या, काळा गॉगल लावून ज्योतीरामच्याच दारात खाटेवर बसलेल्या असायच्या आणि जिन्यानं येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करायच्या.

नाव कमी झालं असतं तर काय बिघडलं असतं? ज्योतीरामनं हा प्रश्न स्वतःला पुष्कळदा विचारला. पगार कापला जाणार नव्हता, की बस चुकणार नव्हती. पण वाचनालयाच्या हॉलमधे दर गुरुवारी एकदा तरी सुमनताई त्याच्याकडं वळून म्हणायच्या, "ज्योतीराम, तुम्हाला काय वाटतं?" कंपनीत, घरी, गावाकडं, सगळीकडं त्याला काय करायचं ते सांगणारे होते. काय वाटतं ते विचारणारं जगात हे एकच ठिकाण होतं. तिथं जे बोलायचं ते तो चार-चार दिवस बसमधे घोळवायचा. ते गेलं असतं तर मग गेजाची दोन टोकं, आणि मधला ज्योतीराम नुसता दांडा.

पुस्तक होतं नव्वद वर्षांपूर्वीची, सव्वासहाशे पानांची कादंबरी. मंडळात तिला सगळे नुसतं 'थोरली' म्हणायचे. थोरलीत एक गाव, गावाच्या खाली नदी, नदीकाठाला गाळाची काळी जमीन, मळई. मळईत बागायतदारांचे वाडे. वर खडकाळ माळ, आणि माळावर ज्यांना कुठंच जागा नाही ती माणसं. लेखकानं कुणाची जात-पात, ऐपत सांगितलेलीच नाही. माणूस कुठं उभा आहे तेवढंच सांगितलंय, आणि वाचणाऱ्याला सगळं कळतं. त्यातला एक माळावरचा बाप पोरीची सोयरीक जोडायला मळईत जातो आणि थाप मारतो, "आमच्या विहिरीला बारा महिने पाणी." त्याला विहीरच नसते. सुमनताईंनी ज्योतीरामला विषय दिला तो हाच: थोरलीतली ठिकाणं आणि माणसांची पायरी.

"द्यायलाच पाहिजे होता हा विषय?" ज्योतीराम घरी येऊन पुटपुटला. "दुसरी सहाशे पानं होती की."

घर म्हणजे जुन्या सांगवीच्या गावठाणात हिंदुरावांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. हिंदुराव मूळचे सांगवीचे. रान गेलं, इमारती आल्या, पण खाली दोन म्हशी अजून होत्या. जिना बाहेरून, आणि जिन्याला म्हशींचा वास.

"इथंच बोलवा की त्यायला," बायको म्हणाली. रंभा. भाकरी थापताना ती नवऱ्याकडं बघत नसे, पण भाकरीवर हात जरा जोरात पडायचा. "चहा करते, पोहे करते. काय कमी हाय?"

"तुझी आई कमी नाही ना, तेच तर हाय," ज्योतीराम हळूच म्हणाला.

"काय?"

"काही नाही. ती औंधची माणसं हायेत गं. त्यायला जिना चढवायचा नाही."

"त्यायला चढवत नाही, का तुमाला दाखवू वाटत नाही?" रंभा म्हणाली आणि भाकरी तव्यावर आपटली. त्यावर ज्योतीरामला खोकला आला.

मदतीला धावला मेहुणा गणराज. तो पिंपळे निलखला नदीकाठच्या एका नव्या टॉवरवर साइट सुपरवायझर होता. टॉवरचं नाव इंग्रजी, नदी आणि मुकुट एकत्र करून केलेलं, आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'न्यू औंध'. म्हणजे टॉवरलाही कुणी पत्ता विचारला की तोही पुलाकडंच बघत होता.

"दाजी, सॅम्पल फ्लॅट हाय की आपल्याकडं," गणराज म्हणाला. "तिसरा मजला, लिफ्ट चालू, फर्निचर असलं की लोकं फोटो काढतात. गुरुवारी सेल्सवाल्यांची पण सुट्टी. चार ते सहा. किल्ली माझ्याकडं."

"अन् कुणी विचारलं तर?"

"कोण विचारायलंय? हॉलमधे बसा, बोला, जा."

शहाणा माणूस इथं नको म्हणाला असता. ज्योतीरामनंही मनातल्या मनात तीन वेळा नको म्हटलं आणि चौथ्यांदा मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला: 'नुकतेच नवीन घरी आलो आहोत. सर्वांनी अवश्य यावे.' अवश्य हा शब्द त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच वापरला.

गुरुवारी नऊजण आले. लिफ्टमधून उतरल्या उतरल्या निशिगंधा मॅडम म्हणाल्या, "वॉव."

ज्योतीरामलाही तसंच म्हणावंसं वाटत होतं, कारण तोही घर पहिल्यांदाच नीट बघत होता. पांढरा सोफा, काचेचं टेबल, भिंतभर टीव्ही. टीव्ही पुठ्ठ्याचा आहे हे गणराजनं त्याला आधीच बजावलं होतं. टेबलावरची सफरचंदं प्लास्टिकची आहेत हे मात्र बजावलं नव्हतं. ते एका काकांनी एक सफरचंद उचलून चावायला घेतल्यावर कळलं.

"शोभेची आहेत," ज्योतीराम म्हणाला. "मिसेसची आवड."

"मिसेस कुठायत?"

"माहेरी."

"आई गेल्यावर माहेर माहेर राहत नाही हो," निशिगंधा मॅडम हळव्या आवाजात म्हणाल्या. ज्योतीरामनं मान खाली घातली. मंडळाला ते दुःख वाटलं.

मग मॅडम घर बघायला निघाल्या. आतल्या खोल्यांना दारंच नव्हती. "ओपन प्लॅन," ज्योतीराम म्हणाला. हा शब्द त्यानं खालच्या जाहिरातीवरून सकाळीच उचलला होता. बेड इतका आखूड होता की त्याच्यावर पाचवीतलं पोरगंही तिरकंच झोपलं असतं. खोली मोठी दिसावी म्हणून सॅम्पल फ्लॅटला असलंच फर्निचर करतात, हे त्याला काय ठाऊक!

"तुम्ही ह्यावर झोपता?" मॅडमनी त्याच्या पावणेसहा फुटी अंगाकडं बघत विचारलं.

"पाय दुमडून," ज्योतीराम म्हणाला. "कंबरेला चांगलं असतं."

पुस्तकांचं कपाट बघून सुमनताई थांबल्या. तांबड्या-निळ्या पाठींची जाडजूड, एका उंचीची पुस्तकं रांगेत उभी. त्यांनी एक ओढलं, तर त्याच्याबरोबर आख्खी रांग हलली. सगळी मिळून एकच खोकं होतं. आत हवा. सुमनताईंनी रांग परत जागेवर ढकलली, हात झटकले आणि सोफ्यावर येऊन बसल्या.

ज्योतीराम कागद घेऊन पुठ्ठ्याच्या टीव्हीसमोर उभा राहिला. "सदर कादंबरीतील अवकाश हा केवळ भौगोलिक नसून," त्यानं सुरुवात केली. चार दिवस बसमधे घासलेली वाक्यं. लिहिताना ती भारदस्त वाटली होती. आता तोंडातून पुठ्ठाच बाहेर पडत होता. एका काकांनी जांभई दिली. सुमनताई उठून हात धुवायला आत गेल्या. नळ फिरवल्याचा आवाज आला, दुसरा फिरवल्याचा आला, पाण्याचा काही आला नाही. त्या बाहेर येऊन बसल्या आणि हातरुमालानं कोरडेच हात पुसत म्हणाल्या, "विहिरीला पाणी नाही वाटतं."

सगळे हसले. त्यांना वाटलं, ताई कादंबरीबद्दल बोलताहेत. ज्योतीराम हसला नाही. माळावरचा तो बाप त्याच्या शेजारी येऊन उभा राहिल्यासारखं त्याला झालं.

तेवढ्यात लिफ्टची घंटी वाजली. दार नुसतं लोटलेलं होतं. पांढरा सदरा, गळ्यात सोन्याची साखळी, खांद्यावर उपरणं, असे हिंदुराव आत आले. मागं सेल्सची मिनल टॅब घेऊन, सुट्टीच्या दिवशी बोलावल्यामुळं वैतागलेली. सगळ्यात मागं गणराज, दोन्ही हातांनी ज्योतीरामला काहीतरी खुणावत होता. त्याचा अर्थ 'पळा' असा होता, पण सॅम्पल फ्लॅटला मागचं दार नसतं.

"आरं ज्योतीराम!" हिंदुरावांचा आवाज आतली दारं नसलेल्या घरात घुमला. "तू हितं काय करतूस? तू बी फ्लॅट बघाय आलास का काय?"

"नाही… म्हणजे…"

"आमच्या पोराचं खूळ. म्हनतंय टावरातच ऱ्हायाचं. ह्या टावराखाली माझ्या मामाचं वांग्याचं रान व्हतं, ठावं हाय का? आता आमी त्याच्यावं तिसऱ्या मजल्याला चढून बघतोय." मग त्यांचं लक्ष बेडकडं गेलं. "आन् ह्यो काय बेड हाय? ह्याच्यावं आमचं रेडकूबी मावायचं न्हाई."

"आपण?" सुमनताईंनी चष्म्यावरून विचारलं.

"मी हिंदुराव. ह्यो आमचा भाडेकरू, बारा वरसं झाली. वरच्या दोन खोल्या. लई गुणाचा माणूस." हिंदुरावांनी मायेनं ज्योतीरामच्या पाठीवर थाप मारली. "पर ज्योतीराम, म्हातारीला एकटी सोडून आलास व्हय? आत्ताच बघितली, जिन्याच्या तोंडाला बसलीया गॉगल लावून. मला म्हनली, रंभा दळान आनाय गेलीया."

"कोण म्हातारी?" निशिगंधा मॅडमनी विचारलं.

"ह्याची सासू की."

त्यानंतर जी शांतता झाली ती मंडळानं मौनातही पाळली नव्हती.

ज्योतीरामनं कागदाची घडी केली. पहिली थाप कुठून उकलायची हे त्याला कळेना, म्हणून जी आत्ताच उघडी पडली होती तिच्यापासून तो सुरू झाला. "सासूबाई जिवंत आहेत. घराला रंग कधी काढला नव्हता. हे घर कुणाचंच नाही. मी मॅनेजर नाही. लाइनवर तपासणी करतो. आणि राहतो सांगवीत, गावठाणात, ह्यांच्या म्हशींच्या वर." सांगून झाल्यावर त्याला वाटलं, दोन वर्षांत आपण मंडळाला दिलेली एवढी नेमकी माहिती हीच.

"सांगवीचं मला माहीत होतं," सुमनताई म्हणाल्या. "माझ्या गॅलरीतून पूल दिसतो. दोन वर्षं दर गुरुवारी तुम्ही पुलावरून चालत येता. मधे थांबून रुमालानं बूट पुसता."

बूट पुसण्याचं ऐकून ज्योतीरामला सासू मारल्यापेक्षा जास्त लाज वाटली.

"मग बोलला नाहीत, ताई?"

"थोरली वाचताय म्हटल्यावर वाटलं, आज ना उद्या स्वतःच सांगाल. सासूबाईंचं मात्र…" त्या थांबल्या. "मी रडले होते हो त्या दिवशी. माझ्या आईची आठवण झाली."

निशिगंधा मॅडम सोफ्याच्या कडेला बसल्या होत्या. त्यांचा आवाज आता हळवा नव्हता. "एक विचारू? दोन वर्षं तुम्ही पुस्तकांवर जे बोललात ते तरी तुमचं होतं? का तेही कुठून आणलेलं?"

ज्योतीराम दाराकडं निघाला होता. नाव कमी करा, असं म्हणून लिफ्टनं खाली जायचं, एवढंच त्यानं ठरवलं होतं. ते सोपं होतं. पण ह्या प्रश्नाला तो अडला.

"ते माझंच हाय," तो म्हणाला. औंधची भाषा केव्हाच गळून पडली होती. "बाकी सगळं उसनं, मॅडम. तेवढं माझं हाय."

"मग ते ऐकायचं राहिलंय," सुमनताई उठत म्हणाल्या. "नियम काय आहे? ज्याचं बोलणं त्याच्या घरी. हे काही तुमचं घर नाही, म्हणजे बैठक अजून सुरूच झालेली नाही. बोलवताय का घरी? नसाल बोलवत तर ही तिसरी पाळी."

ज्योतीरामच्या डोळ्यांपुढून जिना गेला, म्हशी गेल्या, खाट गेली, खाटेवरची शालनबाई गेली. खोकल्याची उबळ घशापर्यंत आली, ती त्यानं गिळली.

"चला," तो म्हणाला. "जिना जरा उभा हाय."

नऊ जणांपैकी पाचांना त्याच क्षणी महत्त्वाची कामं आठवली. सफरचंदवाल्या काकांना तर डॉक्टरांची वेळ आठवली. उरले सुमनताई, दोन जुने सभासद आणि निशिगंधा मॅडम. मॅडमना सासू बघायची होती. मिनलनं मात्र कुणाला सोडलं नाही. लिफ्टच्या दारात उभं राहून नऊच्या नऊ जणांची नावं आणि फोन नंबर टॅबवर घेतले. सुट्टीच्या दिवशी एका फटक्यात नऊ गिऱ्हाईकं आल्याची नोंद झाली, म्हणून गणराजची नोकरी वाचली. त्या मंडळींना पुढं महिनोन्‌महिने फोन येत राहिले, "सर, न्यू औंधमधे घर बघताय ना?" ज्योतीरामला शिव्या देताना ते सगळे आजही हीच गोष्ट आधी सांगतात.

हिंदुरावांनी मंडळीला आपल्या गाडीत घातलं. "बसा वो बाई म्होरं. मी बी येतो ऐकाय. काय हाय, कीर्तन हाय का?"

जिन्याच्या वरच्या तोंडाला, दारातल्या खाटेवर शालनबाई होत्याच. "कोण हाय?"

"मंडळ हाय, मामी," ज्योतीराम म्हणाला.

"भजनी?"

"तसलंच."

रंभा दळणाचा डबा घेऊन मागून आली. दारात एवढ्या चपला आणि त्यात निशिगंधा मॅडमचे उंच टाचेचे बूट बघून तिनं एकदा नवऱ्याकडं बघितलं. दळणाचा डबा ज्योतीरामच्या हातात दिला, पदर खोचला. "या की, बसा. खाटेवर बसा ताई, खाली गार हाय फरशी." मग आत जाता जाता, फक्त त्याला ऐकू जाईल अशा आवाजात, "आता कसं आणलाव? रंग तर दिला नाही अजून." म्हणजे गणराजनं फोन केला होता. ज्योतीरामनं डबा दोन्ही हातांनी धरला. रात्रीचं जेवण आज गप्पगार होणार, हे त्याला त्याच डब्याच्या वजनावरून कळलं.

त्यानं कागद काढला नाही. डबा मांडीवर घेऊनच बोलला.

"थोरलीत गरीब माणूस वर असतो, माळावर. श्रीमंत खाली, नदीला. मी हे पहिल्यांदा वाचलं तवा मला उलटं वाटलं. कारण आमच्या इथं खालच्याला भाव नाही. पूर आला की पाणी आधी आमच्या जिन्याला लागतं, त्या टॉवरला शेवटी. मग विचार केला, मळई हितं पण नदीलाच होती की. हिंदुरावांची होती. अन् चाकणचा माळ कुणी फुकट घेत नव्हतं, तिथं आता मी रोज जातो, बसमधे दीड तास अडकून. म्हणजे जागा खाली-वर होत नाहीत. कुठली जागा भारी, ते ठरवणारा बदलतो. अन् आपण त्याच्या मागं पळतो, पत्ता बदलत. तो विहिरीची थाप मारणारा बाप, त्याला मी पहिल्यांदा वाचला तवा हसलो होतो. लई हसलो होतो. बसमधली माणसं जागी झाली होती."

तो थांबला. खालून म्हैस हंबरली.

"मळईचं बराबर बोलला," हिंदुराव म्हणाले. "वांगी आसायची ही आशी. आता पूररेषा मारली, काय करता येईना तिथं. आन् ह्यो लेखक कुठला? आमच्याकडचा दिसतोय."

निशिगंधा मॅडम पोह्यांची बशी हातात धरून खिडकीतून बाहेर बघत होत्या. खिडकीतून नदी दिसत होती, पलीकडं औंध. "व्ह्यू तर इथून जास्त चांगला आहे," त्या म्हणाल्या. हे सलगीनं म्हटलं की सवयीनं, हे ज्योतीरामला आजतागायत कळलेलं नाही. पुढं चार-पाच गुरुवार त्या त्याच्याशी तुटकच बोलल्या, आणि ते त्याला रास्त वाटलं.

सुमनताईंनी पिशवीतून मंडळाची वही काढली. आजच्या तारखेखाली थोरली लिहिलं, त्याखाली ज्योतीरामचं नाव लिहिलं आणि 'स्थळ' ह्या शब्दापुढं पेन थांबवलं.

"सांगा."

ज्योतीरामचा हात सवयीनं खिडकीकडं निघाला होता. तो त्यानं डब्यावर परत ठेवला. "हिंदुरावांची बिल्डिंग, दुसरा मजला," तो म्हणाला. "घाटाजवळ, गावठाण, जुनी सांगवी."

सुमनताईंनी ते सगळं लिहिलं. वही मिटायच्या आधी चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी या. आणि पुलावर बूट पुसत थांबू नका, उशीर होतो तुम्हाला."

एवढ्यात दारातल्या खाटेवरून शालनबाई बोलल्या. गॉगलमुळं त्या कुणाकडं बघताहेत ते कळत नव्हतं, पण प्रश्न जावयालाच होता. मौनाची गोष्ट निशिगंधा मॅडमनी पोह्यांची बशी घेताना रंभाला सांगितली होती, आणि रंभानं स्वयंपाकघरातून येता येता ती आईच्या कानात घातली होती.

"मी मेल्यावर उभं ऱ्हायलाव म्हणं सगळे?"

ज्योतीराम दळणाच्या डब्यामागं जमेल तेवढा लपला.

"हो आजी," शेवटी सुमनताई म्हणाल्या. "दोन मिनिटं."

शालनबाईंनी बोटं मोडली, जावयाच्या दिशेनं गॉगल वळवला आणि म्हणाल्या, "दोनच?"